माशांचा गोचीड ताप

गोचीड ताप म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. संकरित गाय तापते, दूध तुटतं, आणि डॉक्टर कानामागचा गोचीड काढून दाखवतात. गोचीड रक्त पिता पिता थायलेरिया नावाचा परजीवी गाईच्या अंगात सोडतो. माशांचंही तसंच आहे. फक्त गोचिडाच्या जागी जळू.

आम्हाला हे कळलं ते मासे मरायला लागल्यावर. गटाने कर्ज काढून नदीकाठच्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले होते. 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी तळ्यात शिरलं. त्याबरोबर मरळ, मागूर आले आणि जळवाही आल्या. दिवाळीनंतर मासे काठाला सुस्त पडू लागले. खाद्य तसंच तरंगायचं. कल्ला उघडून बघितला, तर लालभडक असायच्या जागी फिकट, धुतल्यासारखा. एका दुकानदाराने पिकावरचं कीटकनाशक टाका म्हणून सांगितलं. आमच्या काकी म्हणाल्या, "जे आपण खाणार, त्यात ते कसं टाकायचं?" काकींमुळे वाचलो, कारण त्या औषधाने जळवांआधी मासेच मेले असते.

मग रक्त तपासून घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींमधून दोऱ्यासारखे जीव वळवळत होते. ते ट्रिपॅनोसोमा. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, आणि कल्ले फिके पडायला दुसरीही कारणं असतात. म्हणून तपासणीशिवाय रोगाचं नाव ठरवू नका. जळू आजारी माशाचं रक्त पिते, परजीवी तिच्या पोटात वाढतो, मग तिच्या सोंडेत येतो आणि पुढच्या माशाला ती चिकटली की त्याच्या रक्तात उतरतो. परजीवी थोडे असले तर मासा धडधाकट दिसतो, पण रोग बाळगून असतो.

बायका पहिला प्रश्न विचारतात, मासा खाल्ला तर आपल्याला होईल का? माशातला ट्रिपॅनोसोमा माणसाला होत नाही. जनावरांना सर्रा करणारा त्याचा भाऊबंद मात्र 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता. तो प्रकार वेगळा आणि फार दुर्मीळ. तरी मासा नीट शिजवूनच खावा.

आता औषध. खाण्याच्या माशाच्या रक्तातला हा परजीवी मारणारं भरवशाचं औषध आपल्या हाताशी नाही. त्यामुळे पैसा जळवा घालवण्यावर खर्च करा. मोजके मासे असतील तर 10 लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम मीठ विरघळवून मासा दोन-तीन मिनिटं बुडवा. तो कलंडू लागला की लगेच चांगल्या पाण्यात सोडा. मिठाने जळू सुटते, पण तिची अंडी दगडाला, पाणवनस्पतीला चिकटून राहतात. म्हणून मातीचं तळं उन्हाळ्यात रिकामं करायचं, गाळ आणि वनस्पती काढायच्या, तळाला भेगा पडेपर्यंत वाळवायचं आणि मग कळीचा चुना टाकायचा. किती टाकायचा, ते सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. टाकताना तोंडाला पदर आणि हातात मोजे हवेत. आमच्या दोघींचे हात भाजलेत. पाणी भरल्यावर बोटुकली सोडायची घाई करू नका, निदान दोन आठवडे थांबा. पाणी येतं त्या तोंडाला बारीक जाळी लावा, म्हणजे रानटी मासे शिरणार नाहीत.

आम्ही पुढच्या मार्चमध्ये तळं वाळवलं. त्या वर्षीचे हप्ते बचतीतून भरले, आणि जूनमध्ये नवी बोटुकली सोडली.