टर्बो-मोटारीचा इंधन-पंप

६०० अश्वशक्तीच्या टर्बो-मोटारीस पूर्ण जोरांत तासाला सुमारें २२० लिटर पेट्रोल लागतें. मग २५५ लिटरांचा पंप पुरेल, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु हा आंकडा सुमारें ३ बार दाबाचा व साडेतेरा व्होल्टांचा असतो. टर्बोनें दीड बार दाब चढविला, कीं पेट्रोलचा दाबही तितकाच वाढवावा लागतो आणि पुरवठा घटतो. त्यांतच बारीक तारेंत एक-दोन व्होल्ट खर्ची पडले, तर ऐन जोराच्या क्षणीं पेट्रोल अपुरें पडून पिस्टन वितळण्याचा धोका असतो. म्हणून वाढत्या दाबावरील आंकडा पाहूनच पंप निवडावा. त्यास बॅटरीपासून फ्यूज व रिले यांमधून स्वतंत्र जाड तार द्यावी, आणि व्होल्टमापक पंपाच्याच टोकांशीं लावून खात्री करून घ्यावी.