चांदीच्या पाण्यात मीटर काय मोजतो?

चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडायच्या, 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडायच्या, की ‘कोलॉइडल सिल्व्हर’, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं पाणी, तयार! कृती सोपी वाटते. पण चांदीचं पुढे काय होणार, हे पाण्यावर ठरतं.

उदाहरणार्थ, बेंगळुरूच्या नळाला तोरेकाडनहळ्ळीहून शंभरेक किलोमीटर उपसून आणलेलं कावेरीचं पाणी येतं. इतरत्र बोअरवेल नाहीतर टँकर. या सगळ्यांत क्लोराइड असतंच. तारेपासून सुटलेला चांदीचा आयन त्याला भेटला की सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन पाणी दुधाळ होतं, उजेडात काळवंडतं. म्हणून हौशी मंडळी डिस्टिल्ड वॉटर घेतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला कॅन घरात असतोच, पण ते पाणी पिण्यासाठी विकलेलं नसतं.

अतिशुद्ध पाण्याची विद्युतवाहकता 25 अंश सेल्सिअसला जेमतेम 0.055 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. इलेक्ट्रॉनिक चिप धुवायला असंच पाणी लागतं. ते उघड्या भांड्यात ठेवलं, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून हा आकडा 1 च्या आसपास जातो. चांदी मिसळू लागली की वाहकता वाढते, त्यासरशी प्रवाह वाढतो, चांदी आणखी वेगाने सुटते. प्रवाहाला लगाम घातला नाही, तर जाडसर कण बनून तळाशी बसतात.

पाण्यात किती चांदी उतरली, हे पाहायला विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर वापरला, तर खरी फसगत तिथेच होते. तो वाहकता मोजतो आणि नेहमीच्या क्षारांसाठी ठरवलेल्या गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. धातूचे कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत, हवेतून आलेले आयन मात्र दिसतात. पडद्यावरचा ‘10’ म्हणजे 10 पीपीएम चांदी नव्हे.

त्यापेक्षा प्रवाहावरून सुटलेल्या धातूचा हिशेब देणारा फॅरडेचा नियम अधिक भरवशाचा. 1 मिलिअँपिअर प्रवाह तासभर चालला, तर जास्तीत जास्त 4 मिलिग्रॅम चांदी सुटते. लिटरभर पाण्यात ती सगळी उतरली, तर पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेल्या 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर मर्यादेच्या चाळीसपट! हे पाणी पिऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. अमेरिकेतल्या मोंटानाचे राजकारणी स्टॅन जोन्स यांनी घरी बनवलेली अशी चांदी घेतली आणि त्यांची कातडी निळसर-करडी झाली. ‘आर्जिरिया’चा हा रंग सहसा कायमचा राहतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाणारी, कोलॉइडल चांदी किंवा चांदीचे क्षार असलेली औषधं सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय तिथल्या औषध प्रशासनाने 1999 मध्ये दिला.

जंतू मारण्याचा चांदीचा गुण मात्र खरा आहे. 2009 मध्ये बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या फिल्टरमध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण भाताच्या तुसाच्या राखेवर बसवले होते. पाणी त्यांच्यावरून वाहत जायचं, चांदी राखेलाच धरून राहायची.