जकात गेली, घरपट्टी उरली

आकुर्डी, पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या चार ग्रामपंचायती एकत्र येऊन 4 मार्च 1970 रोजी पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि ऑक्टोबर 1982 मध्ये महापालिका. पुढची तीसेक वर्षं हे शहर जकातीनं पोसलं. आकुर्डीत बजाज, पलीकडे टेल्को. माल घेऊन येणारा ट्रक नाक्यावर पावती फाडायचा आणि तिजोरी भरत राहायची. आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून आपण मिरवलो. पण पैसा कारखान्यांकडून येत होता, त्यामुळे रहिवाशांना विचारण्याची निकड पालिकेला वाटली नाही आणि रहिवाशांनीही हिशेब मागितला नाही. शहराच्या कारभाराला त्या काळात लागलेली ही सवय अजून सुटलेली नाही.

2007 मध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं वाहन उत्पादन थांबलं. एप्रिल 2013 मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, जुलै 2017 मध्ये जीएसटी. जकातीच्या जागी आता राज्याकडून अनुदान येतं आणि शहराच्या हातात उरते ती मुख्यतः घरपट्टी. 2023-24 मध्ये तिची वसुली साडेनऊशे कोटींच्या वर गेली. बिलं घरोघरी पोचवायचं काम महिला बचत गटांना मिळालं, ही खरोखर चांगली गोष्ट झाली.

ते बिल एकदा नीट वाचून बघावं. करयोग्य मूल्य, त्याखाली सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, शिक्षण कर, मलप्रवाह सुविधा लाभ कर, पाणीपुरवठा लाभ कर. प्रत्येक ओळीचा दर कोणीतरी ठरवलेला असतो. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. ज्यांनी ते भरायचे, त्यांना मात्र दर कळतात ते बिल हाती पडल्यावर.

न विचारता कर लावला की काय होतं, ते शास्तीकरानं दाखवलं. 2008 पासून अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू झाली. अर्धा-एक गुंठ्यावर घर बांधलेल्या कामगाराला ती झेपणारी नव्हती. थकबाकीचे आकडे फुगले, मोर्चे निघाले आणि प्रत्येक निवडणुकीत माफीची आश्वासनं मिळाली. अखेर मार्च 2023 मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर शास्ती माफ झाली. रहिवाशांचं म्हणणं ऐकलं गेलं, पण त्यासाठी पंधरा वर्षं रस्त्यावर उतरावं लागलं.

खर्चाच्या बाजूनं मात्र थोडं दार उघडलं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं 1989 मध्ये नागरिकांना अर्थसंकल्पात सहभागी करून घेतलं. पुण्यानं 2006 मध्ये तो प्रयोग आणला आणि पाठोपाठ आपल्याकडेही आला. पुण्यात एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती, म्हणजे पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबा. गल्लीतल्या माणसाला हीच कामं आधी दिसतात, म्हणून त्यांना मी क्षुल्लक म्हणणार नाही. आपल्याकडे काही वर्षांत हा उत्साह मावळला. 2025-26 च्या अर्थसंकल्पासाठी पुन्हा सूचना मागवल्या, तेव्हा दोन हजारांवर आल्या. 2011 च्या जनगणनेतच सतरा लाखांवर पोचलेल्या शहरात एवढ्याच.

त्यातही तो काळ प्रशासकाचा. 13 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतरचे अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केले. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, आकड्यांवर उलटतपासणी नाही. क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारच्या जनसंवाद सभा सुरू झाल्या, तिथे तुंबलेलं गटार आणि बंद दिवा यांची दाद लागली. अर्थसंकल्प हा त्या सभांचा विषय नव्हता. कायद्यात 2009 मध्ये आलेली क्षेत्रसभा, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांची सभा, तर कागदावरच राहिली.

जानेवारी 2026 मध्ये अखेर निवडणूक झाली आणि 128 नगरसेवक पुन्हा आले. त्यांच्याकडे मागायचं ते फार मोठं नाही. करदरांचा प्रस्ताव डिसेंबरातच प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात लावा. सोबत गेल्या वर्षी त्या भागातून किती कर जमा झाला आणि तिथे किती खर्च झाला, एवढे दोन आकडे द्या. मग जानेवारीतल्या एका सोमवारची जनसंवाद सभा फक्त त्यासाठी ठेवा आणि तिचं इतिवृत्त 20 फेब्रुवारीच्या आत स्थायी समितीपुढे जाऊ द्या.