व्यायामालाही मर्यादा हवी

व्यायाम करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. थांबावे कोठे, हे सांगणारे थोडे. आळसाचा दोष सर्वांना दिसतो, अतिव्यायामाचा दोष मात्र कौतुकाच्या आड लपतो. पहाटे दीड तास धावणारी आणि संध्याकाळी पुन्हा जिममध्ये जाणारी मुलगी घरादाराला शिस्तीचा आदर्श वाटते. पण अंगात ताप असला तरी तिला सुट्टी घेववत नाही, लग्नकार्यात दोन घास अधिक गेले तर दुसऱ्या दिवशी ते ‘फेडावे’ लागतात. या साऱ्यामागे एकच धास्ती असते : थांबले तर वजन वाढेल.

मर्यादेचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, असे सांगितले आहे, अतिव्यायामाने तहान, क्षीणता, दम, थकवा, खोकला व ताप उद्भवतो, असेही नोंदविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला. रोज अर्ध्या-पाऊण तासात तो सहज पुरा होतो.

शरीराचा जमाखर्च

समजा, एखाद्या तरुणीच्या शरीरातील चरबी वगळता उरलेले वजन ४० किलो आहे. ती दिवसाला १,८०० कॅलरी खाते आणि ६०० व्यायामात खर्च करते. उरल्या १,२००, म्हणजे किलोमागे ३०. निरोगी स्त्रीला साधारणतः ४५ लागतात. ३० च्या खाली हिशेब गेला की शरीर काटकसर सुरू करते. प्रथम पाळी अनियमित होते, पुढे थांबते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, थंडी सोसत नाही, चिडचिड वाढते, किरकोळ दुखापत लवकर बरी होत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटीचे दुष्परिणाम एकत्र मांडले आणि पुरुषही त्यांतून सुटत नाहीत, हे स्पष्ट केले.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम असेल, तर सायंकाळी उशिराचा कठोर व्यायाम रात्रभर उपाशी शरीरावर पडतो. अशांनी व्यायाम सकाळी करावा. उपवासाच्या दिवशी तर विश्रांतीच योग्य.

श्रमही मोजावेत

भंडारा जिल्ह्यात मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या बपेऱ्यासारख्या गावात हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून काम करणारीने मोबाइलवर पाहून रात्री आणखी तासभर व्यायाम केला, तर तो भार दुप्पट होतो. पोलीस भरतीसाठी मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या तयारीत रोज जीव तोडून धावणे आणि वजनाच्या भीतीने भात टाळणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की वेग वाढण्याऐवजी घटतो. शेतातले, घरातले, पायी चालण्याचे श्रम हिशेबात धरूनच व्यायाम ठरवावा.

भीती किती खरी?

टांझानियातील हाड्झा लोक शिकार व कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले की, शरीराच्या आकारमानाचा विचार करता त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च बैठे काम करणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच असतो. श्रम वाढले की शरीर अन्यत्र बचत करते. म्हणूनच दुप्पट व्यायामाने दुप्पट वजन उतरत नाही, आणि तो थोडा कमी केल्याने ते भराभर चढतही नाही.

काट्यालाही सर्व कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली : उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. उपाशीपोटी केलेल्या अतिव्यायामाने स्नायू झिजूनही काटा खाली येतो. त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही.

व्यायाम कमी करून पोटभर जेवू लागल्यावर पहिल्या आठवड्यात वजन थोडे वाढलेले दिसेल. स्नायूंत साखरेचा साठा पुन्हा भरतो आणि आपल्यासोबत पाणी धरून ठेवतो, त्याचे ते वजन असते. शरीर फार खंगले असेल तर पुढेही काही वजन परत येईल. ती झीज भरून निघण्याची खूण समजावी.

एकदम सर्व सोडू नये. प्रथम आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. मग दोन वेळचा व्यायाम एक वेळेवर आणावा. काटा महिनाभर कपाटात ठेवावा. झोप, भूक, पाळी आणि उत्साह यांवर लक्ष असावे. तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना अवश्य भेटावे. एक दिवसाच्या विश्रांतीच्या कल्पनेनेही जीव घाबरत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी खुला आहे. आणि घरच्यांनी ‘बारीक झालीस हं, छान!’ असे म्हणण्याआधी, ‘नीट जेवतेस ना?’ असे विचारावे.