विश्रामदिन आणि खिशातील यंत्र

रविवार हा सुट्टीचा दिवस, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की ही सुट्टी कुणीतरी मागून आणि झगडून मिळविलेली आहे, याचे स्मरणही आपल्याला राहत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी पुढे मांडली. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. पुढे सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. या झगड्यात मागणारा कोण आणि देणारा कोण हे स्पष्ट होते. पण ज्याचा मालक तो स्वतःच आहे, त्याने सुट्टी मागावी कुणाकडे?

हा प्रश्न आज लहान उद्योजकापुढे उभा आहे. शिवणकाम, खानावळ, छपाई, शिकवणी, घरगुती केक किंवा संगणकावरची कामे करून पोट भरणारा माणूस कुणाचा नोकर नसतो. तथापि त्याच्या खिशातला फोन त्याला रात्री अकरालाही कामावर बोलावतो. ख्रिस्ती उद्योजकाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घेणे ही त्याच्या धर्मात केवळ सोय नाही. दहा आज्ञांपैकी ती एक आज्ञा आहे. अशा उद्योजकाला फोन व संगणक यांतील साधने कशी साहाय्य करू शकतात आणि कोठे दगा देतात, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम रोगाचे रूप पाहू. वस्तुतः त्याला रोग म्हणणेही बरोबर नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली ‘बर्नआउट’ या अवस्थेवर एक निबंध लिहिला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात तळमळीने काम करणारी माणसे काही महिन्यांत आतून करपून जातात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ साली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती पार आटून जाणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटू लागणे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फ्रॉइडनबर्गर यांनी पाहिलेली माणसे आळशी नव्हती, पगारासाठी राबणारीही नव्हती. ती ध्येयाने कामाला लागलेली होती. जो पेटलेलाच नाही तो जळणार कसा?

ख्रिस्ती उद्योजकाला अधिक धोका आहे तो नेमका येथे. मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीमुळे प्रॉटेस्टंट पंथात अशी समजूत रुजली की, केवळ पाद्र्याचे काम पवित्र नसून चांभाराचे व सुताराचे कामही ईश्वराने नेमून दिलेले असते. जर्मन भाषेत व्यवसायाला जो शब्द आहे त्यातच ‘बोलावणे’ हा अर्थ दडलेला आहे. समाजशास्त्राचे विद्यार्थी मॅक्स वेबरचे १९०४-०५ मधील निबंध जाणतात. भांडवलशाहीच्या वाढीशी या समजुतीचा संबंध त्याने जोडून दाखविला. या विचाराने कष्टाला प्रतिष्ठा दिली, हे निःसंशय. परंतु धंदाच देवाची सेवा ठरला की तो थांबवावा केव्हा? गिऱ्हाइकाला ‘आज नाही’ म्हणणे म्हणजे सेवेत कसूर केल्यासारखे वाटू लागते. मग थकवा हीच भक्तीची खूण मानली जाते.

गंमत अशी की, ज्या ग्रंथाच्या आधारे असा माणूस स्वतःला राबवितो, त्या बायबलमध्येच या अतिरेकाला उत्तर दिलेले आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात मिळणाऱ्या मान्नाची कथा आहे. रोजच्यापुरता मान्ना गोळा करावा. साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट मिळे व तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. तरीही काही लोक सातव्या दिवशी गोळा करावयास बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी परतले. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे निवाडे करीत बसतो. ते पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की, हे ठीक नव्हे, अशाने तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमून लहान तंटे त्यांच्याकडे सोपवावेत, असा त्याचा सल्ला होता. आणि एलीया हा संदेष्टा जेव्हा झुडुपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. झोपू देतो, उठवून भाकरी व पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो.

या जुन्या कथांत विश्रांतीच्या तीन युक्त्या सापडतात: ठरल्या वेळी हातातले काम सोडणे, काम वाटून देणे आणि एक दिवस दार बंद करणे. आजची साधनेही याच तीन कसोट्यांवर पारखता येतील.

पहिली युक्ती घंटेची. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीत आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात अंगमेहनतीचे व वाचनाचे तास आखून दिले आहेत. प्रार्थनेची खूण ऐकू येताच भिक्षूने हातात असेल ते ठेवून निघावे, असाही तिचा दंडक आहे. काम पुरे झाले म्हणून थांबायचे नाही. वेळ झाली म्हणून थांबायचे. ही शिस्त उद्योजकाला सर्वांत जड जाते, कारण त्याचे काम कधी पुरे होतच नाही. फोनमधले कॅलेंडर येथे घंटेचे काम करू शकते. पण त्यासाठी गिऱ्हाइकांच्या भेटींबरोबर जेवण, प्रार्थना आणि काम संपविण्याची वेळही त्यात आधीच लिहून ठेवावी लागते. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास करण्याची रीत काढली. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विसावा, आणि असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. ‘पोमोदोरो’ म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. आज या नावाची कितीतरी ॲप आहेत. प्रार्थनेची आठवण देणारी ॲपही आहेत. २००८ साली निघालेल्या यूव्हर्जनच्या ॲपवर मराठी बायबल वाचता येते. २०१८ साली निघालेले हॅलो हे ॲप कॅथलिक प्रार्थनांसाठी आहे, तर २०१९ मधील लेक्टिओ ३६५ दररोजच्या मननासाठी आहे. मात्र एक सावधगिरी हवी. प्रार्थनेसाठी हाती घेतलेल्या फोनवरच ऑर्डरचा निरोप झळकला, तर बेनेडिक्टची घंटा आणि बाजाराची घंटा एकाच वेळी वाजते. म्हणून त्या वेळेपुरते इतर निरोप बंद ठेवण्याची सोय आधी वापरावी, मग प्रार्थनेचे ॲप उघडावे.

दुसरी युक्ती इथ्रोची. समजा, वसईत एक बाई घरी केक करून विकते. नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे ख्रिस्ती पंचांगातला आगमन काळ, मन शांत करून वाट पाहण्याचा. तिच्या धंद्याचा हंगामही नेमका तोच. दिवसभरात चाळीस जण विचारतात: दर काय, अंड्याविना मिळेल का, घरपोच द्याल का? प्रत्येकाला नव्याने उत्तर लिहिणे म्हणजे मोशेने प्रत्येक तंटा स्वतः ऐकण्यासारखे आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यात वारंवार द्यावयाची उत्तरे साठवून ठेवता येतात, मालाची चित्रे व दर मांडता येतात, आणि गिऱ्हाइकांच्या नावांवर ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’ अशा चिठ्ठ्या लावता येतात. संगणकावरच्या एका तक्त्यात रोज किती केक करणे शक्य आहे हे लिहून ठेवले, तर तो आकडा भरताच ऑर्डर घेणे थांबविता येते. हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर उत्तरे झटपट जाऊ लागल्यामुळे ऑर्डरीच वाढतील आणि बाई पूर्वीपेक्षा अधिक दमेल. सी. नॉर्थकोट पार्किन्सन याने १९५५ साली थट्टेच्या सुरात एक नियम सांगितला होता की, काम हे उपलब्ध वेळ भरून टाकेपर्यंत फुगत जाते. यंत्राने वाचविलेल्या वेळेलाही हाच नियम लागू पडतो.

तिसरी युक्ती शब्बाथाची, म्हणजे दार लावण्याची. अमेरिकेतील अटलांटा शहराजवळ हेपव्हिल येथे ट्रुएट कॅथी यांनी १९४६ साली एक लहानसे उपाहारगृह काढले. ते दिवसाचे चोवीस तास उघडे असे, पण आठवड्याचे सहाच दिवस. कॅथी हे श्रद्धाळू बॅप्टिस्ट होते व रविवारी दुकान बंद ठेवण्याचा नियम त्यांनी आरंभापासून पाळला. त्यातूनच पुढे चिक-फिल-ए ही मोठी साखळी उभी राहिली आणि तिने तो नियम सोडलेला नाही. पण उपाहारगृहाला कुलूप लावता येते. इंटरनेटवरच्या दुकानाचे काय? या बाबतीत ज्यांच्याकडून ख्रिस्ती लोकांनी ही आज्ञा घेतली, त्या ज्यू समाजातील एक उदाहरण बोलके आहे. न्यूयॉर्कमधील बी अँड एच हे कॅमेऱ्यांचे प्रसिद्ध दुकान शब्बाथाच्या काळात संकेतस्थळावरही ऑर्डर घेत नाही. वस्तू पाहता येतात, पण खरेदी पुरी करता येत नाही. यंत्राला विश्रांतीची गरज नसते, तरी मालकाने आपला विश्रामदिन यंत्रालाही पाळावयास लावला आहे!

आपल्या केकवाल्या बाईला एवढी मोठी यंत्रणा नको. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा नोंदवून ठेवल्या की, त्या वेळेबाहेर येणाऱ्या निरोपाला ‘आज रविवार, उद्या सकाळी नऊनंतर उत्तर देईन’ असे उत्तर आपोआप जाते. ती मिस्सेला बसलेली असताना गिऱ्हाइक ताटकळत नाही आणि तिलाही मनात टोचणी राहत नाही. ई-मेललाही अशी सोय आहे. एप्रिल २०१९ पासून जीमेलमध्ये पत्र आता लिहून नंतर ठरावीक वेळी पाठविता येते. या सोयीचा खरा उपयोग दुसऱ्यांसाठी आहे. निर्गमातील आज्ञा केवळ घरधन्याला विश्रांती देत नाही. दास, दासी, गुरेढोरे व गावात राहणारा परका यांनाही ती देते. रविवारी रात्री मालकाच्या मनात आलेले काम कारागिराच्या फोनवर सोमवारी सकाळीच पोचावे, अशी व्यवस्था करणे हे त्या आज्ञेचे आजचे पालन होय.

आता साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०१८ पासून आयफोन व अँड्रॉइड या दोन्ही प्रकारच्या फोनांत, कोणत्या ॲपवर किती वेळ गेला हे दाखविणारी व त्यावर मर्यादा घालणारी सोय आलेली आहे. परंतु मर्यादा घालणारा आणि ती उठविणारा एकच असेल, तर तिचा उपयोग किती? आयफोन तर वेळ संपल्यावर मर्यादेकडे दुर्लक्ष करण्याचे बटणही समोर ठेवतो. सातव्या दिवशी मान्ना शोधावयास निघालेल्यांचेच हे नवे रूप. यावर उपाय जुनाच आहे: दुसरा माणूस. त्या मर्यादेचा गुप्त अंक नवऱ्याने, बायकोने किंवा विश्वासातल्या मित्राने ठरवावा व स्वतःकडे ठेवावा. मोशेलाही आपली झीज स्वतःला दिसली नव्हती. ती सासऱ्याला दिसली.

तात्पर्य, एखादे साधन आपले किती काम उरकते एवढ्यावरच त्याची किंमत करू नये. ते आपल्याला वेळेवर थांबू देते की नाही, हेही पाहावे. आपल्यापैकी अनेक जण पदवीनंतर नोकरीच्या मागे न लागता स्वतःचे काहीतरी सुरू करतील. ते ख्रिस्ती असोत वा नसोत, भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब मांडताना त्यांनी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात बंद ठेवण्याचा वार लिहावा. तो वार कोणता असावा हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. मात्र तो पहिल्या ऑर्डरीच्या आधी लिहिलेला असावा. कारण ऑर्डरी येऊ लागल्यावर तो लिहावयास सवड मिळत नाही.