फिरत्या तबकडीवरील अक्षरें

मनुष्याची स्मरणशक्ति अल्प, आणि जतन करून ठेवण्याजोगें तर फार. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीं त्यानें शिळा, ताम्रपट, भूर्जपत्र आणि कागद असे एकाहून एक सोयीचे आधार शोधून काढले. गेल्या सत्तर वर्षांत या मालिकेंत आणखी एका आधाराची भर पडली, तो म्हणजे गरगर फिरणारी तबकडी. लग्नकार्याचीं छायाचित्रें, बँकेंतील खात्यांचे हिशेब, रुग्णालयांतील तपासण्यांचे अहवाल, जुन्या गायकांचीं ध्वनिमुद्रणें, यांपैकीं पुष्कळ ठेवा आज अशा तबकड्यांच्या हवालीं केलेला आहे. ही तबकडी लिहिते कशी, वाचते कशी आणि लिहिलेलें टिकविते कशी, हें जाणून घेणें म्हणूनच केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. ज्याच्या हातीं ठेव सोंपवावयाची, त्याचा स्वभाव ठाऊक असलेला बरा.

संगणकाची वर्णमाला दोनच चिन्हांची आहे: शून्य आणि एक. ग्रंथांतील प्रत्येक अक्षर, गाण्यांतील प्रत्येक सूर आणि चित्रांतील प्रत्येक ठिपका या दोन चिन्हांच्या ओळीनें सांगतां येतो. अशा एका चिन्हास 'बिट' म्हणतात, आणि आठ बिटांचा एक 'बाइट' होतो. रोमन लिपींतील एक अक्षर साधारणतः एका बाइटांत बसतें. अर्थात् साठवण करणाऱ्यास हवी असते ती दोनच अवस्था असलेली एखादी खूण. चुंबकीय तबकडीवर ही खूण म्हणजे एक इवलासा चुंबक. त्याचें उत्तर टोंक एका दिशेस असेल किंवा तिच्या उलट दिशेस असेल. प्रकाशानें वाचावयाच्या तबकडीवर ती खूण म्हणजे खळगा किंवा सपाटी. खूण जितकी लहान, तितकी साठवण मोठी. साऱ्या प्रगतीचें सूत्र एवढेंच. परंतु खूण लहान होतां होतां ती लिहिणें, वाचणें आणि टिकविणें हीं तिन्ही कामें अवघड होत जातात, आणि या अडचणींवर केलेली मात हाच या विद्येचा इतिहास होय.

चुंबकीय तबकडीचा जन्म अमेरिकेंत, कॅलिफोर्निया राज्यांतील सॅन होजे या गांवीं झाला. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख रेनल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर. मिशिगन राज्यांतील एका हायस्कुलांत शिकवीत असतां, उत्तरपत्रिकांवरील पेन्सिलीच्या खुणा तपासण्याचा कंटाळवाणा उद्योग यंत्राकडे सोंपवितां येईल काय, याचा विचार ते करूं लागले. पेन्सिलींतील ग्राफाइटमधून वीज वाहते, या साध्या गुणधर्माचा उपयोग करून त्यांनीं तसें यंत्र सिद्ध केलें, आणि आय. बी. एम. कंपनीनें १९३४ सालीं त्यांना आपल्या सेवेंत घेतलें. सॅन होजेची प्रयोगशाळा त्यांनीं १९५२ मध्यें उभारली. त्या काळीं माहिती छिद्रें पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितींवर ठेवीत. फितीवरील हवी ती नोंद गांठण्यास तिच्या आधींची सर्व फीत उलगडावी लागे. पोथींतील शेवटच्या अध्यायासाठीं पहिल्या पानापासून पारायण करावें, तशांतली ती गत होती. तबकडीवर मात्र सुई उचलून हव्या त्या ठिकाणीं ठेवतां येते, हें ग्रामोफोन ऐकलेल्या प्रत्येकास माहीत असतें.

सप्टेंबर १९५६ मध्यें या मंडळीनें 'रॅमॅक' नांवाचें यंत्र जगापुढें आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच उभ्या आंसावर बसविलेल्या असून त्या मिनिटास १,२०० फेरे घेत. लोहाच्या ऑक्साइडचा रंग रेशमी पायमोज्यांतून गाळून घ्यावयाचा आणि फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतावयाचा, कीं फिरण्याच्या वेगानें तो कडेपर्यंत सारखा पसरे; अशी ती घरगुती वाटावी अशी कारागिरी होती. यंत्राचें वजन एक टनाहून अधिक, आणि साठवण ५० लाख अक्षरांची.

आतां लिहिण्याची अडचण पाहूं. हें काम करणाऱ्या चिमुकल्या विद्युच्चुंबकास 'हेड' म्हणतात. हेड फिरत्या तबकडीस टेकलें तर पृष्ठभाग खरवडला जाईल, आणि दूर राहिलें तर खूण पसरट होईल. विजेची बत्ती भिंतीजवळ धरली तर प्रकाशाचें वर्तुळ लहान पडतें, दूर नेली तर मोठें. तसाच हा प्रकार आहे. रॅमॅकमध्यें दाबाखालील हवा सोडून हेड इंचाच्या हजाराव्या भागाहून किंचित् कमी अंतरावर तोलून धरलें होतें. पण त्या व्यवस्थेचा पसारा मोठा असल्यामुळें साऱ्या तबकड्यांत मिळून हेडांची एकच जोडी होती, आणि ती वरखालीं फिरवावी लागे. १९६१ मध्यें जाहीर झालेल्या पुढील यंत्रांत हेडाची बैठक अशी घडविली कीं, फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवरच तें तरंगावें. हवा दाबण्याचें यंत्र गेलें, आणि प्रत्येक पृष्ठभागास स्वतंत्र हेड मिळालें. १९७३ च्या 'विंचेस्टर' जातीच्या यंत्रांत हेड अत्यंत हलकें झालें, थांबतांना तें तेलकट लेप दिलेल्या तबकडीवरच विसावूं लागलें, आणि सारा संसार धूळ शिरूं नये म्हणून बंद पेटींत गेला. आजच्या तबकडीची कड ताशीं १२० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असतां हेड तिच्यापासून अवघ्या कांहीं नॅनोमीटरांवर असतें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. माणसाच्या केंसाची जाडी या अंतराच्या हजारों पट भरेल. तेथें धुळीचा कण म्हणजे डोंगरच. २०१३ पासून कांहीं पेट्यांत हवेऐवजीं हेलियम वायु भरूं लागले. तो हवेहून पुष्कळ विरळ असल्यानें तबकड्या कमी थरथरतात, आणि त्या अधिक पातळ करून तेवढ्याच जागेंत अधिक बसवितां येतात.

दुसरी अडचण वाचण्याची. खूण लहान झाली कीं तिचें चुंबकीय बळहि क्षीण होतें, आणि तारेच्या वेटोळ्यांत उमटणारी वीज ओळखूं येईनाशी होते. यावरील उपाय तबकडीच्या कारखान्यांत सांपडला नाहीं. तो निखळ पदार्थविज्ञानांतून आला. १९८८ मध्यें फ्रान्समधील आल्बेर फेर आणि जर्मनीमधील पीटर ग्र्यूनबर्ग यांना स्वतंत्रपणें असें आढळलें कीं, लोखंड आणि क्रोमियम यांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचले, तर बाहेरील चुंबकाच्या प्रभावानें त्यांतील विजेचा अवरोध फार मोठ्या प्रमाणांत बदलतो. म्हणजे क्षीण चुंबकाची चाहूल घेणारा तीक्ष्ण कानच हातीं आला. आय. बी. एम. मधील स्टुअर्ट पार्किन आदि संशोधकांनीं त्यास व्यवहारांत आणलें, आणि १९९७ मध्यें असें हेड असलेली १६.८ अब्ज बाइटांची डिस्क बाजारांत आली. शोध आणि दुकान यांत दहा वर्षांचेंहि अंतर पडलें नाहीं. फेर आणि ग्र्यूनबर्ग यांना २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

तिसरी अडचण टिकविण्याची, आणि तीच सर्वांत बिकट. चुंबकीय थर सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, आणि एक खूण अनेक कणांवर उमटते. खूण लहान करावयाची तर कण लहान करावे लागतात. परंतु कण एका मर्यादेखालीं गेला कीं, नेहमींच्या उष्णतेनें होणारी अणूंची चुळबूळहि त्याची दिशा फिरविण्यास पुरेशी होते. लिहिलेलें आपोआप पुसलें जाऊं लागतें. जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठाचे शुन्-इचि इवासाकि यांनीं १९७० नंतरच्या दशकांत यावर उपयोगी पडणारी एक कल्पना मांडली होती. तोंवर हे इवलेसे चुंबक तबकडीवर आडवे पाडलेले असत. ते उभे करावे, असें त्यांचें म्हणणें. सतरंजीवर दहा माणसें निजतात, तेथें उभीं राहिल्यास कितीतरी अधिक मावतात. आडव्या पद्धतींतच सुधारणा होत राहिल्यानें ही कल्पना बराच काळ मागें राहिली. पण आडव्यांची मर्यादा जवळ येतांच तिचें महत्त्व पटलें, आणि २००५ मध्यें तोशिबा कंपनीनें उभ्या चुंबकांची डिस्क विक्रीस आणली.

चुंबकीय तबकडीचा हा प्रवास चालू असतां दुसरीकडे प्रकाशानें वाचावयाची तबकडी पुढें येत होती. हॉलंडांतील फिलिप्स आणि जपानमधील सोनी यांनीं मिळून ठरविलेली कॉम्पॅक्ट डिस्क ऑक्टोबर १९८२ मध्यें जपानांत विक्रीस आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या या चकतींत सूक्ष्म खळग्यांची एक मळसूत्री रेघ असते. ती ग्रामोफोनच्या रेघेप्रमाणें बाहेरून आंत न येतां आंतून बाहेर जाते, आणि उलगडली तर तिची लांबी सुमारें ५ किलोमीटर भरेल. डोळ्यांस न दिसणारा अवरक्त लेसर किरण तिच्यावर पडतो. सपाटीवरून तो चांगला परततो. खळग्याशीं मात्र तळावरून आणि कडेच्या सपाटीवरून परतलेल्या लहरी एकमेकींस मारक ठरतात, व प्रकाश मंदावतो. येथें सुई नाहीं, स्पर्श नाहीं, म्हणून वाचण्यानें झीजहि नाहीं.

ओरखडे मात्र पडतातच. त्यांवरील उपाय गणितानें दिला. खतावणीच्या पानावर शाईचा डाग पडून एखादी रक्कम झांकली गेली, तरी खालची बेरीज शाबूत असल्यास ती रक्कम काढतां येते. अमेरिकेंतील अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनीं १९६० मध्यें याच जातीची, पण फार समर्थ अशी गणिती योजना मांडली होती. कॉम्पॅक्ट डिस्कवर मूळ आंकड्यांबरोबर असे पडताळ्याचे आंकडे नोंदलेले असतात, आणि शेजारचे आंकडे मुद्दाम दूरदूर विखुरलेले असतात. त्यामुळें रेघेवर दोन-अडीच मिलिमीटरांचा सलग भाग खराब झाला तरी मूळ मजकूर बिनचूक परत मिळतो.

प्रकाशाच्या तबकडीची मर्यादा प्रकाशाच्या लहरीची लांबी हीच होय. लहरीहून फारसा लहान ठिपका साध्या भिंगानें पाडतां येत नाहीं. कॉम्पॅक्ट डिस्कचा किरण ७८० नॅनोमीटर लहरीचा, आणि साठवण सुमारें ६५ कोटि बाइटांची. १९९६ मध्यें आलेल्या डी. व्ही. डी. साठीं ६५० नॅनोमीटरांचा तांबडा किरण वापरला आणि साठवण ४७० कोटींवर गेली. पुढें निळा-जांभळा लेसर हवा होता. जपानमधील शुजि नाकामुरा यांनीं तो १९९० नंतरच्या दशकांत गॅलियम नायट्राइडपासून सिद्ध करून दाखविल्यावर ४०५ नॅनोमीटर लहरीची ब्लू-रे डिस्क शक्य झाली. तिच्या एका थरांत २,५०० कोटि बाइट मावतात. लहर जवळजवळ निम्मी झाली, भिंगें अधिक तीक्ष्ण झालीं, आणि तेवढ्याच आकाराच्या चकतीची साठवण सुमारें चाळीसपट वाढली.

अलीकडे या दोन्ही वाटा एकमेकींस मिळाल्या आहेत. चुंबकीय कण फार लहान करावयाचे आणि तरीहि स्थिर ठेवावयाचे, तर लोह आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रणासारखा हट्टी पदार्थ घ्यावा लागतो. पण मग त्यावर लिहिण्यास हेडाचें बळ अपुरें पडतें. म्हणून लिहितांना हेडाशेजारील लेसर तेवढाच बिंदु सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शापुरता ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवितो. तापला कीं त्याचा हट्ट सुटतो, हेड त्यास हवी ती दिशा देतें, आणि थंड होतांच ती दिशा पक्की होते. तापवून चुंबकीय खूण उमटविण्याची युक्ति सोनीच्या १९९२ मधील मिनिडिस्कमध्येंहि होती. पण आतां तो तप्त बिंदु प्रकाशाच्या लहरीहूनहि कितीतरी लहान करावा लागतो. जी उष्णता लिहिलेलें पुसणारी वैरीण, तिलाच लेखणी करण्याचा हा प्रकार होय. जानेवारी २०२४ मध्यें सीगेट कंपनीनें या पद्धतीच्या ३० लाख कोटि बाइटांच्या डिस्क जाहीर केल्या. हाताच्या पंज्यावर मावणारी ही पेटी साठवणीच्या हिशेबानें ६० लाख रॅमॅक यंत्रांच्या बरोबरीची आहे.

घरगुती संगणकांत आज तबकडीची जागा बव्हंशीं हलता भाग नसलेल्या स्मृतिपट्ट्यांनीं घेतली आहे. परंतु नव्या मुंबईंत ऐरोली-महापे भागांत उभ्या असलेल्या माहितीच्या कोठारांत, तशाच जगभरच्या कोठारांत, प्रचंड साठवण स्वस्तांत हवी असते तेथें तबकडीच फिरत असते. हीं कोठारें चालविणारे एक गोष्ट गृहीत धरून चालतात: प्रत्येक तबकडी केव्हां ना केव्हां बंद पडणार. म्हणून ते महत्त्वाचा मजकूर एकाच तबकडीच्या भरंवशावर ठेवीत नाहींत. घरोघरीं मात्र आयुष्यभराचीं छायाचित्रें एकाच पेटींत ठेवून लोक निर्धास्त असतात. घरीं लिहिलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवरील रंगद्रव्य उन्हानें आणि उष्म्यानें बिघडतें. कधीं लेखन शाबूत राहतें, पण वाचणारें यंत्रच नाहींसें होतें. सोनीनें फ्लॉपी डिस्कची विक्री २०११ मध्यें थांबविली, आणि कित्येक कपाटांतील फ्लॉपी मुक्या झाल्या.

ज्ञानेश्वरी १२९० सालीं पूर्ण झाली. तिची मूळ लिखित प्रत आज उपलब्ध नाहीं. पिढ्यान् पिढ्या लोकांनीं नकला केल्या, नकलांत चुका शिरल्या, आणि १५८४ मध्यें एकनाथांनीं पाठ ताडून ती शुद्ध केली. म्हणून ती राहिली. तबकडीवरील अक्षरांची नक्कल करण्यास बोरू झिजवावा लागत नाहीं, आणि ती पडताळून घेतां येत असल्यानें मुळाशीं तंतोतंत जुळते. ज्या घरास आपला ठेवा पुढील पिढीच्या हातीं द्यावयाचा असेल, त्यानें त्याच्या दोन प्रती ठेवाव्या, त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि दर कांहीं वर्षांनीं दोन्ही उघडून नव्या साधनावर उतरवून घ्याव्या. तबकडीची साठवण यापुढेंहि वाढत जाईल. ही दक्षता मात्र घरच्या माणसांनींच घ्यावयाची आहे.