पदावरची ‘चाल’

जुन्या संगीत नाटकाचें छापील पुस्तक आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. त्यांतील एखादें पद काढून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपांत राग व ताल दिलेले असतात, आणि पुष्कळदां ‘चाल’ असें म्हणून दुसऱ्याच एका गाण्याचे आरंभींचे दोन-तीन शब्द छापलेले असतात. वाचक ही ओळ सहसा ओलांडून जातो. मला आज बोलावयाचें आहे तें या ओळीविषयींच; कारण विसाव्या शतकाच्या आरंभींच्या नाट्यपदांचा अर्धा जीव तींत आहे.

चाल म्हणजे गाण्याची स्वररचना. नाटककार पुष्कळदां प्रचारांतलें एखादें गाणें घेई आणि शिंपी माप घेऊन अंगरखा बेततो त्याप्रमाणें त्याच्या मापानें आपले शब्द बसवी. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ व १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें. त्यांत साकी, दिंडी यांसारख्या रचना पुष्कळ होत्या. त्यांचे सूर कीर्तनामुळें घरोघर ठाऊक असत. म्हणून ‘साकी’ एवढें छापलें तरी काम भागे.

पुढें पालट झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ च्या मार्चमध्यें मुंबईस रंगभूमीवर आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या, आणि उत्तर हिंदुस्थानांतील ठुमरीचा डौल मराठी पदांत उतरला. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं ख्यालाच्या बंदिशींचा आधार दिला. गवयांच्या बैठकींतली विद्या बालगंधर्वांच्या कंठांतून पिटांतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोंचली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु त्याबरोबर एक अडचणही आली. साकी सर्वांची होती. बंदिश मात्र गवयाची. तिचे दोन शब्द पुस्तकांत छापले, तरी त्यांचा उपयोग ती बंदिश येणाऱ्यासच. तो माणूस गेला कीं कुलूप राहतें आणि किल्ली हरवते.

कोणी म्हणेल, राग आणि ताल दिलेले आहेत, मग चाल कां बसवितां येऊं नये? नवी बसवितां येईल. जुनी सांपडणार नाहीं. रागावरून कोणते स्वर घ्यावे हें समजतें. परंतु सम कोणत्या अक्षरावर यावी, कोणत्या स्वरावर किती थांबावें, हें रागाच्या नांवांत नसतें. एकट्या यमनांत शेंकडों गाणीं आहेत, आणि एकाचें तोंड दुसऱ्यासारखें नाहीं.

चाल टिकविण्याचीं साधनें त्या काळीं नव्हतीं असें नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकर व विष्णु नारायण भातखंडे या दोघांनीं स्वरलेखनाच्या पद्धति घालून दिल्या. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत कितीतरी बंदिशी सुरक्षित राहिल्या. पण तो संग्रह रागगायनाचा, नाटकांतल्या पदांचा नव्हे. ग्रामोफोनची तबकडी होती. तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. वन्समोर घेत रंगणारें पद तेवढ्यांत आटोपावें लागे. १९२५ च्या सुमारास विजेचें ध्वनिमुद्रण येईपर्यंत तर भोंग्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. शिवाय ‘मानापमाना’ंतच पन्नासांवर पदें. तबकडीवर आलीं तीं खपणारीं, निवडक. बाकीचीं ऐकून ऐकूनच पुढें आलीं, आणि ऐकणारा खुंटला तेथें थांबलीं.

म्हणून माझी एक विनंति आहे. घरांतलें जुनें पुस्तक काढा व वडीलधाऱ्या माणसांस त्यांतलें कोणतें पद म्हणतां येतें तें विचारा. आजी-आजोबांकडून ऐकलेलें एखादें कडवें त्यांच्या ओठांवर असेलच. गळा गोड आहे कीं नाहीं, हें पाहूं नका. आतां खिशांतल्या टेलिफोनवरही आवाज टिपतां येतो. तो टिपा, आणि कोणाकडून ऐकलें तें नांव व साल लिहून ठेवा. प्रसिद्ध पदांची चिंता नको. त्यांस गायक मिळतच आहेत. जें पद कोणी गात नाहीं, तें आधीं विचारा.